सगळी वाक्यं खरी

ज्याने कधी कॅप राउंडचा फॉर्म भरला आहे त्याला माहीत असतं, की तो फॉर्म तुमच्याबद्दल फारसं काही विचारत नाही. सीईटीचं पर्सेंटाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि मग पसंतीच्या क्रमाने कॉलेजांचे कोड. तुम्ही कोण आहात, तुम्हाला कशाची भीती वाटते, याच्याशी सीईटी सेलला काही देणंघेणं नाही. हा प्रकार कोरडा आहे खरा, पण त्यात एक सभ्यताही आहे. गरिबी सिद्ध करायला तहसीलदाराची सही पुरते. रडून दाखवावं लागत नाही.

अशा फॉर्मसाठी मदत घेताना कुणाच्या मनात प्रश्न येत नाही. मागच्या वर्षीचा कटऑफ किती होता, कुठला कोड वर टाकायचा, कुठल्या दाखल्याची मुदत संपत आलीय, हे सांगणारा माणूस वाटाड्यासारखा असतो. तो रस्ता दाखवतो. चालणारे पाय तुमचेच राहतात.

दुसऱ्या तऱ्हेचा फॉर्म मात्र वेगळा असतो. काही खासगी विद्यापीठं, परदेशातली विद्यापीठं आणि मोठ्या शिष्यवृत्त्या मार्कांबरोबर तुमची गोष्टही मागतात. ब्रिटनची चीव्हनिंग शिष्यवृत्ती तर नेतृत्व, ओळखीपाळखी, अभ्यासक्रम आणि पुढचं करिअर अशा विषयांवर वेगवेगळे निबंध लिहायला लावते. ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ हा शब्द आता आमच्यासारख्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरतो. स्वतःबद्दल पाचशे शब्द लिहा, तुम्ही इथवर कसे आलात ते सांगा. इथे मदत करणारा माणूस रस्ता दाखवून थांबत नाही. तो तुमच्या आयुष्याला हात घालतो. कुठून सुरुवात करायची, काय ठेवायचं, काय गाळायचं, हे तो सुचवतो.

मग प्रश्न असा, की माझी गोष्ट सांगायला दुसऱ्याने किती मदत केली तर ती माझी राहते?

आधी एक सोपा गैरसमज बाजूला करू. ‘मी सगळं स्वतःच्या जिवावर केलं’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा कुणाला तरी विसरलेला असतो. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका शाळकरी मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींचं लक्ष गेलं. १९०७ मध्ये तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचे पैसे संपायला आले तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकणारेही तेच. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. आजच्या भाषेत बोलायचं तर केळुस्कर गुरुजी हे मेंटॉर होते. म्हणून आंबेडकरांची हुशारी कणभरही कमी होत नाही. हुशारीला दारापर्यंत नेणारं कुणीतरी लागतं, एवढंच त्यावरून कळतं.

काही मुलांना असं माणूस घरातच असतं. काका पुण्यात प्राध्यापक, आतेबहीण अमेरिकेत, वडिलांचे मित्र आयआयटीतले. जेवता जेवता त्यांचं समुपदेशन होऊन जातं आणि त्याला कुणी समुपदेशन म्हणतही नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचलंय त्यांना ते बाहेर शोधावं लागतं. अलीकडे अशी माणसं भेटू लागली आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांनी सुरू केलेलं एकलव्यचं काम विदर्भातल्या बऱ्याच मुलामुलींना माहीत आहे. स्वतः शिकून पुढे गेलेली माणसं मागच्यांचे अर्ज वाचतात, मुलाखतीची तयारी करून घेतात. ही मदत घ्यायला लाजावं असं त्यात काही नाही.

मला भेटलेली ताई कुठल्या संस्थेची नव्हती. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळाला होता. ती पुण्यात नोकरी करायची आणि रविवारी संध्याकाळी दोन-तीन मुलांना फोनवर वेळ द्यायची, फुकट. मी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात एमएला अर्ज करायचा होता. फी माफ होऊ शकते हे मला तिच्याकडूनच कळलं. ‘परवडत नाही’ हे त्यांना कळवायचं कसं, कुठले कागद लावायचे, शिफारसपत्र मागताना सरांना मेल कसा लिहायचा, हे तिने शिकवलं. माझं इंग्रजी तिने दुरुस्त केलं, पण खोडून स्वतः लिहून टाकलं नाही. चुकीच्या वाक्याखाली फक्त रेघ मारायची आणि म्हणायची, “हे तूच नीट कर.”

मग निबंधाची पाळी आली. माझा पहिला मसुदा वाचून ती म्हणाली, “हे कुणीही लिहू शकलं असतं. तू पुलगावची आहेस ना? मग त्या रात्री तू कुठे होतीस?”

कुठली रात्र, हे पुलगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते दोन कारणांनी. एक, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन. दुसरं, लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर त्या डेपोत आग लागली आणि मोठे स्फोट झाले. पंधराहून जास्त माणसं गेली. आग विझवायला आत गेलेले अग्निशमन दलाचे लोक त्यांत होते, जवान होते, दोन अधिकारी होते. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली.

मी तेव्हा सातवी पास झाले होते. आवाजाने जाग आली, खिडक्यांची तावदानं थरथरली, बाबा दार उघडून बाहेर गेले. आकाश एका बाजूने लाल दिसत होतं. हे सगळं मी ताईला सांगितलं. दोन दिवसांनी तिने एक परिच्छेद लिहून पाठवला. नमुना म्हणून, मला दिशा कळावी म्हणून. एक बारा वर्षांची मुलगी स्फोटाच्या आवाजाने जागी होते, लाल आकाश बघते, आणि त्या रात्री तिला कळतं की आपल्याला शिकायचं आहे, आपल्या गावासाठी काहीतरी करायचं आहे. इंग्रजी सुरेख होतं. वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

मी तो आईला मराठीत सांगितला. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतला आणि म्हणाली, “अवं, पण आपल्या घरी तर काहीच झालं नव्हतं.”

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि परिच्छेदातही काही खोटं नव्हतं. आवाज खरा, तावदानं खरी, लाल आकाश खरं. शिकायची इच्छाही खरी. फक्त त्या दोहोंना जोडणारा धागा बाहेरून आणलेला होता. त्या रात्री मला काहीही कळलं नव्हतं. मी घाबरले होते आणि मग झोपले होते. सगळी वाक्यं खरी असूनही वाचणाऱ्याच्या मनात जे चित्र उभं राहणार होतं, ते खरं नव्हतं. त्याला वाटलं असतं की त्या आगीने माझं काहीतरी नेलं. ज्यांचं नेलं ती घरं वेगळी होती.

खोटेपणाचे काही प्रकार ओळखायला सोपे असतात. २०१९ मध्ये अमेरिकेत उघडकीला आलेलं प्रकरण घ्या. विल्यम सिंगर नावाचा प्रवेश सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन मुलांचे परीक्षेतले गुण वाढवून देत होता. कधी खेळाच्या मैदानावर पाऊल न ठेवलेल्या मुलांना कागदोपत्री खेळाडू बनवत होता. त्याला तुरुंगवास झाला. तिथे काय चुकलं हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. अवघड जागा ती, जिथे एकही वाक्य खोटं नाही, मदत करणाऱ्याचा हेतू चांगला आहे आणि मदत घेणाऱ्याला तिची खरोखर गरज आहे.

ताईची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ती कच्ची नव्हती. मी तिला म्हटलं, “ताई, तुम्ही लिहिलंय ते छान आहे, पण ते माझ्यावर बेतलेलं नाही.” ती चिडली नाही. म्हणाली, “तुझ्याबरोबर जी मुलं अर्ज करणार आहेत त्यांच्याकडे इंटर्नशिप आहेत, परदेशातले उन्हाळी कोर्स आहेत. वीकेंडला वस्तीत जाऊन शिकवल्याचे फोटो आहेत. तीही आपली गोष्ट सजवतातच. तुझ्याकडे काय आहे? तुझ्याकडे पुलगाव आहे. ते वापरायचं नाही म्हणजे रिकाम्या हाताने बाजारात जायचं.”

याला उत्तर देणं सोपं नाही. ज्याच्याकडे सगळं आहे त्याने प्रामाणिकपणाचे धडे द्यावेत आणि ज्याच्याकडे फक्त स्वतःची गोष्ट आहे त्याने ती मोजूनमापून सांगावी, हा न्याय उलटा आहे. शर्यतच वाकडी असेल तर सरळ पळण्याची अट एकट्या मागच्या मुलीवर का? मला हा युक्तिवाद आजही पूर्ण खोडता येत नाही. पण तो ज्या जागी थांबतो तिथे एक माणूस गैरहजर असतो. विद्यापीठ आणि मी, एवढ्या दोघांतलाच हा व्यवहार असता तर ताईचं म्हणणं मी कदाचित मान्य केलं असतं. त्या परिच्छेदात तिसरेही होते. जे आगीत गेले ते, आणि त्यांच्या घरचे. त्यांचं दुःख माझ्या अर्जात येणार होतं आणि त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाबद्दल अर्जात लिहूच नये का? तसंही नाही. याचा विचार करताना मला आनंदीबाई जोशी आठवतात, कारण प्रवेशासाठी मदत मागण्याची मराठीतली सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट त्यांचीच आहे.

बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. मदत करू, पण धर्म बदला, अशा अर्थाचं उत्तर आलं. दार उघडं होतं, फक्त आत जाताना दुसरं कुणीतरी होऊन जायचं होतं. तो पत्रव्यवहार एका नियतकालिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंच्या वाचनात आला. त्यांनी अट न घालता मदतीचा हात पुढे केला. १८८३ मध्ये निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी बंगालमधल्या सेरामपूरला लोकांसमोर उभं राहून आपण अमेरिकेला का जातो ते सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितलं. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम अठरा.

पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी जो अर्ज केला त्यात दुसऱ्यांचं दुःख होतंच. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या इथल्या बायकांचा उल्लेख होता. पण आनंदीबाई ते दुःख कशासाठी पुढे ठेवत होत्या ते बघा. त्या दुःखावर मी उपचार करणार आहे, त्यासाठी मला शिकवा, असं त्यांचं मागणं होतं. दुःखाचा उल्लेख करून त्यांनी स्वतःवर एक काम ओढवून घेतलं. माझ्या परिच्छेदात ती आग फक्त मला उजळून दाखवण्यासाठी आली होती. तिच्याबद्दल मी पुढे काय करणार, याचं एक अक्षर त्यात नव्हतं. आनंदीबाईंशी स्वतःची तुलना करायची नाही. पण फरक कळायला मोठी माणसं उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट सेरामपूरची. अर्जात जे लिहायचं तेच त्यांनी लोकांसमोर, विरोध करणाऱ्यांसमोर, उभं राहून सांगितलं. त्यावरून मला एक कसोटी सापडली. माझा निबंध वाचणार बंगळुरू-दिल्लीकडचे प्राध्यापक. पण तोच निबंध मराठीत करून पुलगावच्या स्टेशन रोडवर मोठ्याने वाचायचा झाला तर? ज्यांच्या घरातलं माणूस त्या रात्री डेपोत होतं ते समोर उभे असतील तर? माझ्या वाक्यांचं मराठी करताना जीभ अडखळली तर ते वाक्य बहुतेक माझं नसतं. ते फक्त त्या इंग्रजीत, फक्त त्या दूरच्या वाचकासाठी खरं असतं.

मी ताईला हे जमेल तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “मग तुला पुलगावबद्दल खरंच काय माहीत आहे?”

प्रवेशासाठी मदत करणाऱ्याने विचारावा असा यापेक्षा चांगला प्रश्न मला माहीत नाही. त्या एका प्रश्नाने माझी गोष्ट माझ्याकडे परत आली. मला माहीत होतं ते असं : २० नोव्हेंबर २०१८ ला, मी दहावीत असताना, पुलगावजवळच्या सोनेगाव आबाजीच्या शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला. सहा माणसं गेली. त्यांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. पहिल्या स्फोटानंतर अडीच वर्षं झाली होती आणि माणसं रोजीसाठी त्याच कामावर जात होती. डेपो आहे म्हणून किती घरांत चूल पेटते आणि डेपो आहे म्हणूनच किती घरं रात्री दचकतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. जीव धोक्यात घालणारं काम माणूस का पत्करतो, आणि आपण त्याला ‘त्याची मर्जी’ म्हणू शकतो का, हा प्रश्न माझ्या डोक्यात खरोखर होता. एमए करायचं होतं ते त्यासाठीच. निबंधात मी तेवढंच लिहिलं. माझ्यावर काही कोसळलं नाही, मी बघत होते, हेही लिहिलं. ताईच्या मते तो निबंध पहिल्याइतका चमकदार नव्हता.

प्रवेश मिळाला की नाही, हे मी इथे सांगणार नाही. मिळाला म्हटलं तर ‘बघा, प्रामाणिकपणाचं फळ’ असं होईल. नाही म्हटलं तर ‘बघा, ताईचं ऐकायला हवं होतं’. दोन्ही वेळा निकाल विद्यापीठाचा असेल आणि प्रश्न मात्र आपलाच राहील.

एका ठिकाणी मात्र दोष ना विद्यार्थ्याचा असतो ना समुपदेशकाचा. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय ‘नीट’ येण्यापूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा घ्यायचं आणि तिच्यात गांधीविचारांचा एक वेगळा पेपर असायचा. हेतू समजण्यासारखा आहे. खेड्यांत सेवा करणारे डॉक्टर हवे असतील तर विचार तपासून घ्यावेत. पण पेपर म्हटला की तयारी आली, आणि गांधी मार्कांसाठी वाचले जाणारच. मार्कांसाठी वाचता वाचता एखाद्याला ते पटलेही असतील. तरी निष्ठेला मार्क ठेवले की निष्ठेचा अभ्यासक्रम तयार होतो, हे काही टळत नाही. तसंच, दुःखाला जागा ठेवली की दुःखाचे नमुने तयार होतात. जी विद्यापीठं आमच्याकडे संघर्षाची कहाणी मागतात त्यांनी स्वतःला विचारावं, की गरज ठरवायला उत्पन्नाचा दाखला पुरत असताना त्यांना ती कहाणी कशासाठी हवी आहे.

कारण ज्यांचं दुःख उसनं नाही, स्वतःचंच आहे, त्यांची अडचण माझ्यापेक्षा मोठी आहे. कास्तकार बापाने फास घेतलेल्या मुलाला, शाळेत जातीवरून वेगळं बसवलेल्या मुलीला सांगितलं जातं, की हे लिही, याने फरक पडतो. त्यांची वाक्यंही खरी असतात आणि धागाही खरा असतो. तरीही ते लिहायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा एकट्याचा आहे. कुणाला लिहून मोकळं वाटेल. कुणाला वाटेल की बापाचं मरण पाचशे शब्दांत बसवून अपलोड केलं. समुपदेशकाने इथे आग्रह धरू नये. तेवढी गोष्ट न सांगताही अर्ज चांगला होऊ शकतो, हे आधी सांगावं.

आणि ज्यांना आज-उद्या असा फॉर्म भरायचा आहे, त्यांनी मदत जरूर घ्यावी. हक्काने मागावी. व्याकरण तपासून घ्यावं, मुदती विचाराव्यात, फी-माफीचं तर नक्की विचारावं. मोबाइलवर दोन मिनिटांत निबंध लिहून देणारी साधनं आता आली आहेत आणि तीही ताईसारखंच सुरेख इंग्रजी लिहितात. पण पाठवण्याआधी एकदा तो निबंध आपल्या भाषेत करून घरच्या माणसाला ऐकवावा. ज्या ओळीला ते मान वर करून बघतील, तिथे थोडं थांबावं.